ओढ्याला वाट आणि बंदुकीला कुलूप



या अंकात लागणीचे, बेण्याचे वा खोडव्याचे न लिहिता ओढ्याचे आणि बंदुकीचे काय काढले, असे काहींना वाटेल. पण आपल्या कार्यक्षेत्रातला ऊस जिथे जिथे उभा आहे, तिथे बांधाला लागून एखादा ओढा नाही तर नाला आहेच. आणि त्याच उसात रानडुक्कर घुसते म्हणून काही सभासदांच्या घरी किंवा आखाड्यावर शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. ही दोन्ही कामे शेवटी एकाच खुर्चीपाशी जातात. जिल्ह्यातल्या पाणीटंचाईला तोंड देतात ते जिल्हाधिकारी आणि बंदुकीच्या परवान्यावर सही करतात तेही तेच, मात्र जिल्हादंडाधिकारी म्हणून. खुर्ची एक, शिक्के दोन.

दोन्ही कामांत आणखी एक सारखेपणा आहे. सरकार हुकूम काढते, निधी देते, पावती देते. पण ओढ्यात काय पडते आणि बंदूक रात्री कुठे असते, हे तुमच्या-आमच्या घरातच ठरते. म्हणून हा लेख.

लातूरने काय पाहिले

मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवते. लातूर जिल्ह्यातून वाहत ती कर्नाटकात बीदरकडे वळते, पुढे तेलंगणात जाते आणि आपल्या नांदेड जिल्ह्याच्या कडेने येऊन गोदावरीला मिळते. लांबी सातशे किलोमीटरच्या वर. तेरणा, तावरजा, रेणा, घरणी, मन्याड, लेंडी या साऱ्या तिच्याच लेकी. लातूर शहराला पिण्याचे पाणी केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून येते.

२०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात लातूरच्या प्रशासनाला पाण्याच्या टाक्यांजवळ आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावे लागले. पाण्यासाठी जमावबंदी! आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी भरलेली पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे एका खेपेला ५ लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ‘जलदूत’ हे तिचे नाव साऱ्या देशाने ऐकले. पाऊस पडेपर्यंत ती येत राहिली.

त्या वेळी उसावर बोट ठेवले गेले. ‘उसाने पाणी पिले’ हे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे. त्या वादात इथे शिरत नाही. एवढेच सांगतो, की मोकाट पाणी देणे आपण थांबवले नाही तर पुढच्या दुष्काळात बोट पुन्हा आपल्याकडेच येईल. ठिबक, पट्टा पद्धत आणि पाचटाचे आच्छादन हे त्याचे उत्तर आहे. त्याबद्दल या पानांतून नेहमी लिहितो.

पण त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी दुसरेही एक काम केले, त्याची आठवण कमी लोक ठेवतात. रेल्वेची वाट पाहत न बसता व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक, शेतकरी एकत्र आले. लोकवर्गणी काढली आणि ‘जलयुक्त लातूर’ या नावाने साई ते नागझरी असा सुमारे १८ किलोमीटरचा मांजरेचा पट्टा खोल व रुंद करायला घेतला. वर्षानुवर्षे साचलेला गाळ निघाला, तो शेतकऱ्यांनी आपापल्या वावरात नेला. प्रशासन बरोबर होते, पण पुढाकार लोकांचा होता. पावसाळ्यात त्या पट्ट्यात पाणी थांबले. नदी साफ केल्याने पाऊस पडत नाही हे खरे. पण पडलेला पाऊस ठेवायला जागा होते.

नांदेडचे दुखणे वेगळे

नांदेडला नदीत पाणी असते, कारण वर शंकरसागर म्हणजे विष्णुपुरीचा जलाशय आहे. दुखणे आहे ते घाणीचे. शहर वाढले. १९९७ साली नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा घाट, रस्ते, मलनिःसारण यांची मोठी कामे निघाली. तरीही नाल्यांवाटे सांडपाणी गोदावरीत मिसळते ही तक्रार संपली नाही. ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. एकूण ३५१ पट्टे, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात. इतके कुठल्याच राज्यात नाहीत. गोदावरीचा नाशिकच्या सोमेश्वरापासून नायगाव तालुक्यातल्या राहेरपर्यंतचा पट्टा त्यात पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट गटात होता. राहेर आपल्याच जिल्ह्यातले गाव. तिथल्या माणसाने घाण केली नाही, पण वरची सारी घाण त्याच्या दारावरून जाते. नदीकाठचा न्याय असाच असतो. करणारा वर, भोगणारा खाली.

इथे कारखानदारीलाही सोडून चालणार नाही. साखर कारखान्याचे सांडपाणी आणि आसवनीचा स्पेंटवॉश ओढ्यात गेला तर मासे मरतात, विहिरी लाल होतात. पाणी प्रदूषण रोखण्याचा केंद्राचा कायदा १९७४ चा आहे. महाराष्ट्राचे मंडळ तर त्याही आधी, १९७० साली स्थापन झाले. हा कायदा कारखान्याला आणि सभासदाला सारखाच लागू आहे. कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल प्रश्न असेल तर सभासदाने वार्षिक सभेत उभे राहून विचारावा. तो त्याचा हक्क आहे, आणि त्याने सहकार कमजोर होत नाही.

टेंभुर्णीचा शोषखड्डा

नदी साफ करायची तर ओढ्यापासून सुरुवात करावी लागते, ओढा साफ करायचा तर गावातल्या गटारीपासून आणि गटार साफ करायची तर आपल्या न्हाणीपासून. हे गणित आपल्या नांदेड जिल्ह्यानेच साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले आहे.

हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. गटारी कोरड्या पडल्या. डासांना अंडी घालायला डबके उरले नाही आणि गाव डासमुक्त म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे जिल्हा परिषदेने हे काम रोजगार हमी योजनेतून गावोगावी नेले. ‘जादूचा खड्डा’ असे लोकच त्याला म्हणू लागले. यात जादू काही नाही, साधी रचना आहे ती अशी :

चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्यावा. मधोमध सिमेंटची टाकी किंवा माठ ठेवावा. त्याला वरच्या बाजूने चारी अंगांना भोके पाडावीत. भोवती खाली मोठे दगड, वर लहान दगड भरावेत. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी नळीने टाकीत सोडावे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचे पाणी भोकांतून दगडांत झिरपते. टाकीतला गाळ अधूनमधून काढला म्हणजे झाले.

आपल्याकडे काळी जमीन जास्त, ती पाणी लवकर पीत नाही. म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा, नाही तर आठ दिवसांत तुंबून बसेल आणि लोक म्हणतील, ‘योजनाच खोटी.’ विहीर किंवा बोअर जवळ असेल तिथे खड्डा घेऊ नये. आणि संडासाचे पाणी यात अजिबात सोडू नये.

पैशाचे म्हणाल तर गावाची सफाई हे ग्रामपंचायतीच्या कायद्यातल्या ग्रामसूचीतच लिहिलेले काम आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या निधीत तर ६० टक्के रक्कम स्वच्छता आणि पाणी यांसाठीच बांधून दिली. हा पैसा कुठे खर्च झाला हे ग्रामसभेत विचारता येते. विचारणारा एक जरी उठला तरी बाकीचे जागे होतात.

सभासदाच्या हातातले काम

आता आपल्या बांधावर या. शिवारफेरीला निघालो की ओढ्यात जे दिसते ते सांगतो : ठिबकच्या फाटक्या नळ्यांची भेंडोळी, खताची रिकामी पोती, तणनाशकाच्या बाटल्या, तोडणीनंतर लोटून दिलेले पाचट, मेलेले वासरू आणि या सगळ्यावर उगवलेली वेडी बाभूळ. हे सारे शहरातून आलेले नाही.

पहिली गोष्ट औषधांची. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या थारोळ्यात धुऊ नका. बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि पिकावर फवारा. रिकाम्या बाटलीला भोक पाडा, म्हणजे घरात कोणी तेल-रॉकेल भरायला घेणार नाही. बेणेप्रक्रियेचे उरलेले पाणी बांधाच्या आत, पडीक जागी जिरवा. त्या ओढ्याचे पाणी खालच्या आळीची जनावरे पितात, आणि तोडणीच्या दिवसांत टोळ्यांची माणसेही तेच वापरतात.

दुसरी गोष्ट पाचटाची. पाचट ओढ्यात लोटू नका, पेटवूही नका. सरीत कुट्टी करून ठेवा. ते खत आहे. ओढ्यात गेले की तेच पाचट पुलाच्या नळ्यात बुच बसवते, आणि पहिल्या मोठ्या पावसाला पाणी तुमच्याच उसात शिरते.

तिसरी गोष्ट अवघड आहे, पण बोलली पाहिजे. ओढ्याची रुंदी दरवर्षी एकेक तास नांगराने कमी होते. आजोबांच्या वेळी बैलगाडी ज्यातून जायची तो ओढा नातवाच्या वेळी सरीएवढा राहतो. ओढा सातबाऱ्यावर कुणाचा नसतो. म्हणून तो सगळ्यांचा असायला हवा, पण होतो मात्र नांगर धरणाऱ्याचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडीकाठच्या गावांत पाणी शिरले, माणसे दगावली, जनावरे गेली. तिथे अतिवृष्टी होती, धरणाच्या फुगवट्याचा प्रश्नही होता. प्रत्येक पुराचे कारण अतिक्रमण नसते. पण पाणी जेव्हा आपली जागा मागायला येते तेव्हा ते नोटीस देत नाही, एवढे तरी त्यावरून शिकावे. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. मोजणीची फी भावकीतल्या कोर्टकज्जापेक्षा स्वस्त पडते.

साफसफाई करताना क्रम पाळा. सुरुवात खालून करा आणि वर या. वरचा भाग आधी मोकळा केला तर पाणी खाली येऊन तुंबते. जलपर्णी असेल तर ती पावसाळ्यापूर्वी मुळासकट काढून काठापासून लांब टाका. काठावर टाकली तर पहिल्या पुराने परत जाते. खोदताना गाळ निघतो तोवरच खोदा. खालचा मुरूम फोडू नका, वाळू उपसू नका. ती सफाई नव्हे, उपसा आहे, आणि त्याला तहसीलदारांची वेगळी परवानगी लागते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ च्या योजनेने धरण-तलावातला गाळ शेतकऱ्याला न्यायला मोकळा केला. हलक्या, मुरमाड रानात हा गाळ चांगला. चोपण, पाणी न जिरणाऱ्या रानात टाकू नका, नुकसान होईल.

काठाची सगळी झाडे मात्र तोडू नका. वेडी बाभूळ काढा, करंज, जांभूळ, उंबर राहू द्या. त्यांच्या मुळ्या काठ धरून ठेवतात.

इथेच डुकराचा प्रश्न येतो

एका गटसभेत हे सारे सांगून झाल्यावर एक सभासद उभे राहिले. म्हणाले, “सायेब, तुमी वढ्याचं सांगायलाव, आमचं अर्धं वावर डुकरांनी लोळवलंय, त्याचं काय?”

मी विचारले, “डुकरं दिवसा कुठं असतात?”

“वढ्यातल्या बाभळीत, आनि कुठं!”

उत्तर त्यांनीच दिले. झुडपांनी भरलेला ओढा म्हणजे रानडुकरांचा वाडा आणि शेजारचा पडलेला ऊस म्हणजे त्यांचे कोठार. ओढा मोकळा केला म्हणजे डुकरे नाहीशी होतील असे मी म्हणत नाही, कारण दाट उसातही ती राहतात. पण दिवसा दडायची जागा कमी झाली की त्रास कमी होतो. ऊस बांधून घेणे, पाला काढणे आणि वेळेवर तोड घेणे याने आणखी कमी होतो.

आता बंदुकीचे बोलू.

शेतीसंरक्षणाची बंदूक : हक्क कमी, जबाबदारी जास्त

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. शेतीच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक ठेवायची सोय त्यात आहे. आपल्या भागात जुन्या घरांतून दिसते ती बहुधा हीच. २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले. त्यानुसार अर्जदाराला हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि शस्त्र सुरक्षित ठेवीन अशी लेखी हमी द्यावी लागते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवाना ही कायमची जहागीर नाही. बीड जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर साऱ्या परवान्यांची फेरतपासणी होऊन मोठ्या संख्येने ते रद्द झाले. ज्याला खरी गरज आहे त्याने कागद चोख ठेवावेत. गरज नाही त्याने आपण होऊन बंदूक जमा करावी. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक गैरसमज दूर करतो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते. पिकाचे नुकसान झाले तर तातडीने वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, भरपाईची तरतूद आहे. आणि कुंपणात वीज सोडणे किंवा गावठी बॉम्ब पेरणे, हे तर कोणत्याही परिस्थितीत करू नका. त्यात डुकरापेक्षा माणूसच जास्त सापडतो. रात्री मोटार चालू करायला निघालेला आपलाच भाऊ किंवा पहाटे उठलेला ऊसतोड कामगार.

आखाड्यावरची बंदूक

हंगामात आपल्या रानात टोळ्या उतरतात. नवरा-बायको पहाटे कोयता घेऊन फडात, आणि लेकरे कोपीवर नाही तर तुमच्या आखाड्याच्या सावलीत. त्या आखाड्याच्या आढ्याला खोचलेली बंदूक ठासलेली आहे की रिकामी, हे त्या लेकराला कसे कळणार? खरे तर मोठ्या माणसालाही नुसते पाहून कळत नाही. ठासणीच्या बंदुकीचा धोका हाच आहे. काडतूस काढून टाकावे तशी ती सहज रिकामी होत नाही, म्हणून ‘राहू दे भरलेली, रात्री लागेल’ असे म्हणून माणूस ती तशीच ठेवतो.

म्हणून हे नियम प्रत्येक परवानाधारकाने घरात सांगून ठेवावेत :

१. बंदूक आखाड्यावर मुक्कामाला ठेवू नये. रान राखून झाले की ती मालकाबरोबर घरी यावी.

२. घरात ती कुलपाच्या लोखंडी कपाटात किंवा पेटीत ठेवावी. खुंटीवर, माळ्यावर, दाराआड नको. किल्ली देव्हाऱ्यात ठेवली तर ती साऱ्या घराला माहीत असते. ती परवानाधारकाच्या अंगावर असावी.

३. दारू, छर्रे आणि टोप्या वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात, चुलीपासून व बल्बच्या उष्णतेपासून लांब ठेवाव्यात.

४. ठासलेली बंदूक कधीही घरात आणू नये. एक सोपी युक्ती : नळी रिकामी असल्याची खात्री असताना गज तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी गजावर खूण करा. पुढे कधीही गज सोडला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काही तरी आहे असे समजा. ते स्वतः खोदत बसू नका, परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

५. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात. परवान्यावर नाव नोंदलेले नसेल तर सालगड्याला, मेव्हण्याला किंवा कॉलेजातून आलेल्या पोराला ‘जरा धर’ म्हणून देऊ नये.

६. तोडणी चालू असताना शेवटचा पट्टा उरला की डुकरे बाहेर पळतात. त्या वेळी फडाभोवती माणसे, बाया, बैल सारे असतात. अशा वेळी बंदूक फडावर आणूच नका. दहा पाच मोळ्यांसाठी कुणाचा जीव पणाला लावू नका.

७. घरात कोणी फार दारू पिऊ लागले, कोणाचे मन ठिकाणावर नाही, भावकीत वाद पेटला किंवा कर्जाच्या काळजीने कोणी गप्प गप्प राहू लागले, तर त्याच दिवशी बंदूक पोलीस ठाण्यात नाही तर परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला द्या. आपला मराठवाडा आहे, मी जास्त काय सांगू? संतापाची आणि निराशेची घडी निघून जाते. त्या घडीला हाताशी काय असते यावर पुढचे सारे अवलंबून असते.

हा सातवा नियम पुरुषांपेक्षा घरातल्या बायकांनी लक्षात ठेवावा. कोणाचे मन बिघडले हे त्यांना आधी कळते. त्यांनी पोलीस पाटलांना एक शब्द सांगितला तरी पुष्कळ.

निवडणूक आणि जमा पावती

निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती परवान्यांचा विचार करून कोणी शस्त्र जमा करायचे ते ठरवते. २०२४ साली नांदेडला उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक झाली आणि नोव्हेंबरात विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. असे एका वर्षात दोनदा होऊ शकते. कित्येकांना हा अपमान वाटतो. ‘आम्ही काय गुंड आहोत?’ म्हणतात. तसे नाही. गावात दोन गट तापलेले असताना बंदूक ठाण्यात असली तर तुमच्यावर कोणी खोटा आळही घेऊ शकत नाही.

जमा करताना नळी साफ करून, तेल लावून न्या. पावती घ्याच. तिच्यावर बंदुकीचा प्रकार, क्रमांक, कोणत्या स्थितीत दिली, तारीख आणि शिक्का असावा. शस्त्रे सुरक्षित ठेवणे आणि पावती देणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, असे निवडणूक आयोगाच्या सूचनांतच आहे. निकालानंतर ती परत मिळते. न्यायला उशीर करू नका. एका ठाण्यात जमा केलेली बंदूक परत घ्यायला वर्षभर कोणी गेलेच नाही, आणि नेली तेव्हा तिला गंज चढला होता, असे आमच्या एका सभासदाने सांगितले.

आजोबांची बंदूक

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या कार्यक्षेत्रात अशी घरे आहेत, जिथे आजोबांच्या नावावर बंदुकीचा परवाना होता. आजोबा वारले. जमिनीचा फेरफार झाला, विहिरीत नाव लागले, कारखान्याचा शेअरही वारसाच्या नावे झाला. बंदूक मात्र भिंतीवर तशीच. ‘शोभेची आहे, चालत नाही’ असे म्हणतात.

बंधूंनो, परवानाधारक वारला की त्याच्या परवान्यावर दुसऱ्या कोणाला ती ठेवता येत नाही. कायद्याने ती विनापरवाना बंदूक ठरते आणि विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड आहे. शिक्षा आजोबांना होत नाही, ज्याच्या घरात ती सापडते त्याला होते. नातू नोकरीच्या पोलीस पडताळणीत अडकला तर आयुष्याचे नुकसान.

उपाय सोपा आहे. मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा, बंदूक जमा करा, पावती घ्या. वारसाला ती हवी असेल तर त्याने आपल्या नावाने रीतसर अर्ज करावा. नको असेल तर तसे लिहून द्यावे. आजोबांची आठवण ठेवायला त्यांनी लावलेला आंबा आहे, त्यांचा शेअर दाखला आहे.

काय करायचे ते थोडक्यात

येत्या हंगामाआधी प्रत्येक गटाने आपल्या गावातला एक ओढा निवडावा. सगळे ओढे एकदम नकोत, एकच निवडा. ग्रामसभेत ठराव घ्या, ग्रामसेवक व तलाठ्यांना बरोबर घ्या, उगमापासून संगमापर्यंत चालत जाऊन कुठे काय अडले आहे ते लिहून काढा. माणसे चालली की अर्धे वाद तिथेच मिटतात. शेतकी खात्याचा तुमच्या गटाचा माणूस या फेरीला बरोबर येईल. आणि ज्या घरात बंदूक आहे तिथे आज रात्री जेवण झाल्यावर तिच्या कुलपाची किल्ली कुठे आहे, एवढे फक्त पाहा.

पाणी अडले तर गाव अडते. बंदूक सुटली तर घर बसते. एकाला वाट द्यायची आणि दुसऱ्याला कुलूप लावायचे. सरकारचे काम सरकार करील, कमी पडेल तिथे आपण विचारू. पण या दोन गोष्टींसाठी कोणाच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग